बेडकासमोरची रांग

प्यो मिरानला हट्टी म्हणणाऱ्यांची कोरियातल्या पांग्योत वानवा नव्हती, आणि ती हट्टी होतीच. ऑनलाइन खेळ बनवणाऱ्यांच्या त्या वसाहतीत तिने केस पिकवले, पण एक गोष्ट सोडली नाही. ज्या खेळात माणसाला माणसाची गरज पडत नाही, तो लाखभर लोक खेळोत, आहे एकट्याचाच.

हे तिला कुणा कॉलेजाने शिकवलं नव्हतं. तरुणपणी जॉन्जूत वडिलांचं दुकान बसलं, तेव्हा ती गल्लीतल्या पीसी-बांगमध्ये जाऊन बसू लागली. तिथे तासावर संगणक मिळायचा आणि नशीब असेल तर खेळात सोबत लढणारी टोळी. तिला टोळी मिळाली. बाकीचे किल्ला लढवायचे, ती दरवाजात उभी राहून जखमींना बरं करायची. पुढे वडील गेले, तेव्हा तिने कधी तोंडही न पाहिलेले टोळीतले चौघे काळे कपडे घालून आले आणि आलेल्या लोकांना युकगेजांगचा गरम रस्सा वाढू लागले. एकमेकांची खरी नावं कुणाला ठाऊक? "ए लाल अस्वल, इकडे भात कमी पडलाय!" अशी हाक भर शोकगृहात गेली. आत्याने डोळे वटारले. मिरान रडता रडता हसली. त्या चौघांवर तिचा फार जीव होता.

मग खेळ बदलत गेले. हत्यारं विकत मिळू लागली, खेळ फोनवर आले आणि एक बटण आलं. ते दाबलं की मालक ऑफिसात, नायक आपला आपण लढतोय. "हे म्हणजे दुसऱ्याने जेवायचं आणि ढेकर आपण द्यायचा," असं मिरान म्हणायची. आता मिरानच्या नव्या खेळात कंपनीचे प्रमुख हा-निम ('निम' म्हणजे तिकडचं 'राव') यांना त्याच्याही पुढे जायचं होतं.

"तुमच्या खेळातल्या दलदलीत होडीला दोन माणसं लागतात," ते म्हणाले. "एक वल्हवणार, एक दिवा धरणार. दुसरा आणायचा कुठून? लोकांना थांबायला वेळ नाही. यंत्राचा सोबती देऊ. बोलेल, हसेल, कधी रुसणार नाही."

"रुसत नाही तो कसला सोबती, हा-निम?"

"वाद नको. रविवारी चाचणी आहे. लोक जोडीने दलदलीत उतरले तर तुमचं खरं. नाहीतर सोमवारपासून यंत्र."

"सोमवारी सुट्टी घ्या तुम्ही," मिरान म्हणाली.

रविवारी दुपारी खेळाची दारं उघडली आणि तिचा चेहरा पडला. दिवा मिळवण्यासाठी प्रत्येकाने गावातल्या म्हाताऱ्या बेडकाला हरवायचं होतं. तिने बेडूक ठेवला होता एकच, आणि हरल्यावर तो उठायचाही सावकाश. ऑफिसातल्या मूठभर लोकांनी खेळून पाहिलं तेव्हा हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. आता त्या गावात मुंगीला शिरायला जागा नव्हती.

"माझीच चूक," ती म्हणाली. "आरुम, बेडूक वाढव."

"वाढवते, पण वेळ लागेल," शेजारची प्रोग्रामर आरुम म्हणाली. "तोवर शिव्या खायच्या, मिरान-निम."

पडद्यावर गोंधळ चालला होता. तेवढ्यात कुणीतरी लिहिलं, "अहो निम, असं कुणालाच मिळणार नाही. रांग लावू या."

"रांगेचं शेपूट कुठंय?"

"विहिरीपाशी. छे, पुलावर गेलं की आता!"

एक चिलखतवाला मध्येच घुसला. "ओ शूरवीर, घरी शिकवलं नाही वाटतं?" अख्ख्या रांगेने त्याच्याकडे पाठ फिरवली आणि जमिनीवर बैठक मारली. "चुकलं, निम," म्हणत तो निमूट मागे गेला. "या, बसा. जेवलात का?" मागच्यांनी विचारलं. मग कोण कुठल्या गावचं, कुणाची बायको ओरडतेय, अशा गप्पा रंगल्या.

"झालं काम," आरुम म्हणाली. "पण नवे बेडूक सोडू का? रांग मोडेल. लोक किती रमलेत बघा. राहू दे ना, तुमच्याच पथ्यावर पडतंय."

मिरानला मोह झालाच. "सोड," ती म्हणाली. "बेडकाच्या जिवावर मला नाही जिंकायचं."

गावभर बेडूक झाले. दिवे मिळाले, रांग पांगली, पूल ओस पडला. दलदलीच्या काठावर कुणीच नव्हतं. मग एकजण आला आणि नुसताच उभा राहिला. "पुढे जा ना," आरुम पुटपुटली. तो गेला नाही. थोड्या वेळाने चिलखतवाला धापा टाकत आला. "थांबलात होय माझ्यासाठी?" दोघं होडीत बसले. त्यांच्या मागे दुसरी जोडी आली, मग तिसरी, आणि काठ भरून गेला. जो तो रांगेतल्या आपल्या शेजाऱ्याला हुडकत होता.

अंधार पडायच्या सुमारास दोघी हा-निमच्या खोलीत गेल्या. ते पडद्याला नाक लावून बसले होते. बाजूला वाडग्यातल्या राम्यॉनच्या शेवया गार होऊन फुगल्या होत्या.

"हा-निम, उद्याचं काय? यंत्राचा सोबती घालायचा ना?" आरुमने मुद्दामच विचारलं.

"हळू बोला हो," ते मान न वळवता म्हणाले. "मोक्पोच्या नर्सबाई वल्हवतायत, दिवा माझ्याकडे आहे. होडी उलटेल."