पाशाची जगसेवा

वडवणीच्या बाजारतळामागे पाशाचं घर आहे. पुढे पत्र्याची खोली, मागे दगडी. दगडी खोलीत ना ऊन शिरतं, ना वारा. पाशाची बायको जाहेदा दर वैशाखात तिथे गवत अंथरते, आंब्यांची आढी घालते, वर पोती टाकते आणि दार ओढून घेते. मग आत आंबे आपल्या सवडीने, कुणी न पाहता, गोड होत जातात. त्या आढीवर घराचं वर्ष निघतं. पाशाच्या दुकानावर निघत नाही. पाशा कॉम्प्युटर दुरुस्त करतो, म्हणजे उघडतो. मिटवणं त्याला फारसं जमत नाही.

यंदा त्याने बीडच्या एका बंद पडलेल्या ऑफिसातले दोन जुने सर्व्हर आणले. भंगारवाल्याने ते टेम्पोत चढवूनही दिले, यावरूनच पाशाने ओळखायला हवं होतं. लांबट लोखंडी पेट्या. चालू केल्या की मळणीयंत्रासारख्या घोंगावायच्या आणि विजेचं मीटर पळत सुटायचं.

जगभरातले लोक आपापल्या रिकाम्या कॉम्प्युटरवर शास्त्रज्ञांची गणितं फुकट सोडवून देतात. त्यातून औषधांच्या शोधाला हातभार लागतो. काम भलं आहे. पण पाशाला औषधाचं काही पडलं नव्हतं. गणितं सोडवणाऱ्यांची नावं इंटरनेटवर लागतात, त्यांत त्याला वर चढायचं होतं.

"काय करतं बे हे मशीन?" चहाच्या टपरीवर भागवतने विचारलं.

"कॅन्सरचं गणित."

"आन् माझा कॉम्प्युटर पोळ्याला दिलता, त्याचं गणित कवा सुटायचं?"

"बारक्या कामाला सध्या टाइम न्हाई," पाशा म्हणाला, आणि त्याने चहाही भागवतच्याच नावावर घेतला.

सर्व्हरला गारवा लागतो म्हणून दगडी खोली गेली. घरातला एकुलता कूलरही गेला. जाहेदा पत्र्याखाली भाजत राहिली.

"आंबे कुठं ठिवू?" तिने विचारलं.

"तितंच ठिव, मशीनच्या मागं. गरम हवा लागंल, लवकर पिकतील."

"आंब्याला ऊब लागती. वारं न्हाई."

"तुला सायन्स कळतं का?"

आंब्यांच्या तीन पिढ्या ओळखणाऱ्या बाईला हे त्याने विचारलं. दुसरी जागा नव्हती, म्हणून तिने तिथेच आढी घातली.

पुढच्या आठवड्यात जाहेदाचा भाऊ यासीन आला. तो बीडला कॉम्प्युटरच्याच दुकानात आहे. त्याने आपला साधा नवा लॅपटॉप त्याच गणितांना लावला. संध्याकाळपर्यंत लॅपटॉपने एका सर्व्हरला मागे टाकलं होतं, आणि तेही गुपचूप.

"दुल्हेभाई, तुमचं मशीन खातंय लई, करतंय थोडं," यासीन म्हणाला. "थंडीत एखादा दिस शिकायला लावा, ठीक हाय. सेवा म्हणून न्हाई परवडत."

"तुझं मशीन नवं हाय म्हणून तुला माज," पाशा म्हणाला.

जाहेदाने तेवढ्यात पोतं उचललं. साली सुरकुतलेल्या, देठं काळी. एक आंबा कापला. आत पांढरा, आंबट. तेलगावहून आंब्यांची दुसरी गाडी सकाळी यायची होती. तेही आंबे असेच गेले असते, तर यंदा विकायला काही उरलं नसतं.

तिने बटण बंद केलं. घोंगावणं थांबलं, तेव्हा गल्लीतली कुत्रीसुद्धा मान वर करून बघू लागली.

"आगं, अर्धं गणित जाईल," पाशा ओरडला.

"जाऊ द्या. यासीन, तिकडून धर."

बहीणभावाने दोन्ही पेट्या अंगणात नेऊन ठेवल्या. पाशाने हात लावला नाही. त्याची कंबर दुखत होती. सकाळी गाडी आली आणि दगडी खोलीत नवं गवत पडलं.

पाशाकडचं ते अर्धं गणित मुदत टळल्यावर आपोआप दुसऱ्या कुणाच्या मशीनला गेलं, तिथे सुटलंही. जगात कुणाला काही कळलं नाही. यासीनने हे त्याला दोनदा समजावून सांगितलं आहे. पाशा मात्र अजून टपरीवर बसून, दुसऱ्याचा चहा पीत, बायकोपायी एक औषध अडकलं म्हणून सांगतो.