पोटाला शाब्बासकी

आत्याच्या आतड्याचं ऑपरेशन होऊन तीन दिवस झाले होते. तोंडात पाण्याचा थेंब नाही, नुसतं सलाईन. सकाळी डॉक्टर आले आणि त्यांनी स्टेथोस्कोप छातीवर न ठेवता पोटावर ठेवला. बंद दाराला कान लावावा तसे ते ऐकत राहिले. मीही श्वास रोखून उभी.

"आतडी हलायला लागलीत," ते म्हणाले. "वारा सरला का?"

जन्मभर शाळेत शिकवलेल्या, जेवताना असलं काही बोललं की ताटावरून उठवणाऱ्या आत्याने नजर चुकवली. "पहाटेच," ती पुटपुटली.

"झालं बाई एकदाचं!" शेजारच्या खाटेवरच्या काकूंनाच जास्त आनंद झाला.

"मग आता पेज द्या," डॉक्टर म्हणाले.

मला गंमत वाटली. आपण घास गिळतो आणि विसरतो. पुढे तो कोण घुसळतं, त्यातलं सत्त्व वेचून रक्तात कोण सोडतं, विचारतसुद्धा नाही. कालचा वरणभात आज आपल्या पायांनी जिने चढतो, आपल्या आवाजात वर्गावर ओरडतो, आणि श्रेय आपण घेतो. पोट जरा गुरगुरलं की मात्र चारचौघांत त्याचीच लाज वाटते.

दुपारी मी आत्याला चार चमचे पेज भरवली. थोड्या वेळाने तिच्या पोटातून चांगला मोठा आवाज आला. सवयीने मी खिडकीबाहेर पाहू लागले.

आत्याने टाके सांभाळत पोटावर हात ठेवला आणि वर्गातल्या खणखणीत आवाजात म्हणाली, "शाब्बास!"