रूपीबाई आणि पिस्ता रंगाची भिंत

नवापुरात रंगावली नदी घरात शिरली की गावाला दर वेळी नव्याने आश्चर्य वाटतं. नदीकाठी प्लॉट घ्यायचा, नदीच्याच अंगावर ओटा वाढवायचा, आणि पाणी उंबरा ओलांडून आलं की ‘असं आजवर कधी झालं नव्हतं’ म्हणत कपाळाला हात लावायचा. रूपीबाई गावितला आश्चर्य वाटत नाही. पूर ओसरला की ती डोंगराकडच्या आपल्या पाड्यावरून घमेलं, छिन्नी आणि हातोडी घेऊन उतरते आणि शहाण्यासुरत्या लोकांच्या भिंती सोलायला लागते.

वीस वर्षांपूर्वी ती गाळ उपसायला म्हणून आली होती. तेव्हा तिने पाहिलं, की लोक आठ दिवसांत प्लास्टर करतात, पंधराव्या दिवशी रंग देतात आणि सहा महिन्यांनी पोपडे पडले की सिमेंटवाल्याला शिव्या देतात. तिचं स्वतःचं घर कुडाचं. कूड भिजला की दिसतो, सुकला की दिसतो, त्याच्यात लपवाछपवी नाही. पक्क्या घराला मात्र अब्रू फार, पोटात पाणी असलं तरी कबूल करत नाही. म्हणून रूपीबाईने एक युक्ती काढली. दुधाच्या पिशवीचा पारदर्शक तुकडा चिकटपट्टीने चारी बाजूंनी भिंतीवर चिकटवायचा आणि दुसऱ्या दिवशी बघायचा. आतून घाम आला असेल तर भिंत ओली. मग ती दोनच शब्द बोलायची, “आजून नई.”

डॉक्टर लगेच गोळी देतो म्हणून लोक त्याचं ऐकतात. ही बाई महिनाभर थांबा म्हणायची, आणि थांबा म्हणणाऱ्याला गावात कोण विचारतो? तिला बोलवायचे ते स्वस्तात प्लास्टर फोडून देते म्हणून. सल्ला ती फुकट द्यायची, आणि फुकट गोष्टीची जी किंमत व्हायची तीच त्याची व्हायची.

तिच्यावर सगळ्यात जास्त राग होता हुकमीचंद सेठांचा. मेन रोडवर त्यांचं रंगाचं मोठं दुकान. पूर आला की सगळं गाव रडायचं आणि सेठ नवा माल मागवायचे. ओल्या भिंतीवर दिलेला रंग सहा महिन्यांत सुटतो आणि गिऱ्हाईक पुन्हा येतं, इतका सरळ हिशेब देवाने कुठल्याच धंद्याला दिला नसेल. “बाई, तू मन्हा धंदाना मुळवर उठेल शे,” असं ते तिला भर रस्त्यात ऐकवायचे.

यंदा श्रावणात नदीने सेठांचं दुकान सोडलं आणि थेट घर गाठलं. हॉलमध्ये चार फूट पाणी. सेठ पुट्टीच्या गोण्या मोजत असतानाच त्यांच्या बायकोने, सोहनबाईंनी, परस्पर रूपीबाईला निरोप धाडला.

सोहनबाई बहात्तर वर्षांच्या. वरच्या मजल्यावर पलंगावर बसून त्यांनी शांतपणे सगळं सांगितलं. पर्युषणात त्या दरवर्षी अठाई करतात, म्हणजे आठ दिवस नुसतं उकळलेलं पाणी. नवव्या दिवशी साध्वीजी गोचरीला, म्हणजे भिक्षेला, दारी येतात. आधी त्यांच्या पात्रात अन्न वाढायचं, मग स्वतः पारणं करायचं, असं तीस वर्षं चुकलेलं नाही. पण घरात बुरशी आली तर साध्वीजी पाऊल ठेवत नाहीत, कारण बुरशीत अगणित जीव. बरं, एकदा ती आली की खरवडायची नाही, औषध मारायचं नाही. आपोआप सुकेपर्यंत वाट बघायची.

“म्हनीसन ती येवालेच नको, रूपीबाई,” त्या म्हणाल्या. “तुन्हा हातमा शे.”

‘लवकर कर’ आणि ‘स्वस्तात कर’ रूपीबाईने शंभर घरांत ऐकलं होतं. भिंत खरोखर सुकली पाहिजे, असं तिच्याकडे आजवर कोणी मागितलं नव्हतं. जे ती कधी करत नाही ते ती करून बसली. “माजी, तुन्हा घरमा बुरशी येवाव नही. मन्हा शब्द शे.”

जिना उतरताना तिला घाम फुटला. शब्द देणं सोपं, पण भिंती काही तिच्या ऐकण्यातल्या नव्हत्या.

तिने पाण्याच्या खुणेच्याही वीतभर वरपर्यंतचं प्लास्टर फोडलं, फरशीखालचा गाळ धुऊन काढला, दारं-खिडक्या सताड उघड्या टाकल्या. तीन आठवड्यांनी मागचं स्वयंपाकघर आणि त्याला लागून असलेली खोली पास झाली. पिशवीचा तुकडा कोरडा निघाला. हॉलचा मात्र घामाने भरलेला. “आजून नई. खिडक्या बंद नका करा,” असं सेठांना बजावून ती दुसऱ्या गल्लीत कामाला गेली. त्याच दिवशी सोहनबाई अठाईसाठी, साध्वीजी उतरतात त्या उपाश्रयात राहायला गेल्या.

घरात उरले हुकमीचंद आणि उघड्या विटा. अठाईची साता, म्हणजे खुशाली, विचारायला नातेवाईक सुरतेहून येणार, आणि नवापूरच्या रंगवाल्याच्या हॉलला प्लास्टरसुद्धा नाही! सेठांनी दोनच दिवसांत प्लास्टर, पुट्टी आणि वर महागातला पिस्ता रंग उरकून घेतला. धूळ बसू नये म्हणून खिडक्या लावून घेतल्या. गावाला विकलेला सल्ला स्वतःच्या घरात वापरणारा व्यापारी विरळा. सेठ तेवढे प्रामाणिक निघाले.

सहाव्या दिवशी रूपीबाई हॉल तपासायला आली आणि दारातच थबकली. तिने भिंतीला तळहात लावला. भिंत गार होती, वरून कीर्तन आणि आतून तमाशा. रागाने तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

“सेठ, रंग कसाले दिधा?”

“काय बिघडनं? देख, कशी चमकी ऱ्हायनी! तुले रंगमा काय समजस?”

“माले रंगनं नही समजस. पन आते ती भिंत नही, झाकेल हंडा शे. तीन दिनमा तोंड काढी.”

सेठ हसले. रूपीबाई तडक उपाश्रयाकडे निघाली. आता माजींना सांगायचं आणि मोकळं व्हायचं. पण दारातून तिला सोहनबाई दिसल्या. सहा दिवसांत निम्म्या झालेल्या, भिंतीला टेकून, डोळे मिटून बसलेल्या. रूपीबाईला ते सांगवेना. ती परत फिरली, स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी पडलेला प्लास्टरचा ढिगारा उचलला, गल्लीपर्यंतची वाट मोकळी केली आणि पुढचे तीन दिवस रोज येऊन ते दार उघडं आहे ना ते बघून गेली. शब्द तर मोडलाच होता. निदान मोडका तरी कोरडा ठेवावा, एवढंच तिच्या हातात होतं.

नवव्या दिवशी सकाळी नातेवाईक वरच्या मजल्यावरून नटूनथटून उतरले, सोहनबाईंना धरून आणलं, आणि दोन साध्वीजी आल्या. साध्वीजी चालतात त्या खाली बघून. मोठ्या साध्वीजी उंबऱ्याशी आल्या आणि थांबल्या. पिस्ता भिंतीच्या पायथ्याला, उंबऱ्यापासून थेट सोफ्यापर्यंत, हिरवट करडी लव उगवली होती.

“धूळ शे ती, धूळ!” म्हणत सेठ फडकं घेऊन वाकले.

“हात नका लावा!” आठ दिवसांच्या उपाशी बाईच्या अंगात इतका आवाज कुठून आला कोण जाणे. सेठ वाकलेल्या स्थितीतच राहिले.

साध्वीजी मागे वळल्या. सोहनबाईंचा चेहरा उतरला. गर्दीच्या मागे उभ्या असलेल्या रूपीबाईला ते बघवलं नाही.

“माजी, मांगलं दार उघडं शे,” ती ओरडली. “तठली भिंत सुकेल शे. मी देखेल शे.”

मागचं दार म्हणजे मजुरांचं, घमेल्यांचं दार. साध्वीजी गल्लीतून वळसा घालून तिकडे गेल्या. उघड्या विटा, घासलेली फरशी, कोपरा न् कोपरा कोरडा. त्यांनी फरशी नीट निरखली आणि पाऊल आत टाकलं. सोहनबाईंनी त्यांच्या पात्रात वाढलं तेव्हा त्या उघडपणे रडत होत्या. सुरतेचे पाहुणे सोललेल्या विटांना पाठ लागू नये म्हणून अंग चोरून उभे होते.

साध्वीजी गेल्यावर सोहनबाई तिथेच पाटावर बसल्या. “हॉलले कुलूप लावा,” त्या नवऱ्याला म्हणाल्या. “बुरशी आपोआप सुकाले दिवाळी उलटी तरी चाली. तवलोंग सगळा मांगला दारथीन येतीन.” गावभर रंग विकणाऱ्या माणसाने मान हलवली.

मग पारणं. मुगाच्या पाण्याचा पहिला चमचा जवळच्या माणसाने द्यायचा. चांदीची वाटी घेऊन सेठ पुढे झाले, फोटोवाला सरसावला. सोहनबाईंनी तोंडच उघडलं नाही.

“रूपीबाई देई.”

रूपीबाईने दोन्ही हात पदराखाली लपवले. भिंतीबद्दल खोटं न बोलणाऱ्या बाईला इथे तरी कसं जमणार? “माजी, मी सकायले सुकट खाईसन उनू.”

“सुकट!” सेठांच्या तोंडून निघालं. पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं. एक मावशी दोन पावलं मागे सरकली आणि तिची पैठणी विटेला घासली.

सोहनबाईंनी मोरीकडे बोट दाखवलं. “हात धोय,” त्या म्हणाल्या, “आन ये.”

रूपीबाईने तीनदा साबण लावला. नखांतली सिमेंटची पूड काही निघाली नाही. वीस वर्षं हातोडी धरलेल्या त्या हाताला चमचा पेलवेना आणि दोन थेंब सोहनबाईंच्या पांढऱ्या साडीवर सांडले. सोहनबाईंनी तिचं मनगट धरलं आणि तोंड उघडलं.