विषाचा पत्ता

राग आला की बाई आधी चष्मा काढायच्या. "आता तुमचं तोंड दिसत नाही, आता नीट बोलता येते," म्हणायच्या. रायपूरच्या आमच्या ऑफिसात त्या मोठ्या इंजिनिअर, मी त्यांच्या हाताखाली. माहेर अमरावतीकडचं, चिडल्या की भाषाही तिकडची व्हायची. चष्मा डोळ्यांवर कमी आणि हातातच जास्त असायचा, हे तुम्ही ओळखलंच असेल.

शहराच्या कडेला जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं गाळणारा एक कारखाना होता. मालक टाळं लावून गेला, शिसं मातीत राहिलं. तिथं बाग करायची ठरलं. विषारी माती खणून अस्तर लावलेल्या पक्क्या खड्ड्यात पुरायची, वर चांगली माती भरायची, असा ठेकेदाराशी करार.

माती भराभर निघू लागली. आमचे वरचे साहेब खूश. बाईंना मात्र ती घाई खटकली. एका दुपारी मला जीपमध्ये बसवून त्यांनी भरल्या ट्रकचा पाठलाग केला. ट्रक खड्ड्याच्या ठरलेल्या जागेकडे वळलाच नाही. एका पाऱ्यात, म्हणजे तिकडच्या वस्तीत, शिरला आणि थेट तलावाच्या काठाला लागला. तिथं बायका कपडे धूत होत्या.

बाई ट्रकच्या मागच्या फळीला पाठ लावून उभ्या राहिल्या. ठेकेदार धावत आला. "मैडम, यहाँ गड्ढा ही तो है. भर जाएगा, लोगों का फायदा है."

चष्मा उतरला.

"फायदा? मग तुह्या अंगणात टाक नं! इथं काहून टाकून राहिला? तिकडचं विष इकडं आणलं तर जमीन साफ नाही होत, विषाचा पत्ता बदलते फक्त!"

पाण्यातल्या बायका ओल्या लुगड्यांनिशी वर आल्या. एका म्हातारीनं छत्तीसगढीत विचारलं, "जहर हे का, दीदी?"

बाईंचा आवाज एकदम खाली आला. तिला आई म्हणून हाक मारत त्या तिच्याच बोलीत म्हणाल्या, "हव, दाई. जहर हे."

मग कुणाला काही सांगावं लागलं नाही. बायकांनी ट्रकला वेढा घातला. ट्रक भरलेलाच परत गेला. आधी टाकलेले ढीगही बाईंनी समोर उभं राहून उचलायला लावले.

लगेच बदली झाली. ठेकेदाराची नव्हे, बाईंची.

बागेच्या उद्घाटनाला फुगे होते, हार होते, भाषणं होती. बाईंचं नाव कुणी घेतलं नाही. त्याच बागेच्या मागच्या भिंतीशी ती माती ताडपत्रीखाली पडून आहे. पक्का खड्डा अजून कागदावरच.

बाईंचा अधूनमधून फोन येतो. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"पुरली का माती?"

"नाही, मॅडम."



"पावसाळा येऊन राहिला," म्हणतात, आणि फोन ठेवतात.