नावापुढे लिहिलेलं

प्रेमा पेडणेकर लग्नं जुळवते. कांजूरमार्गला आमच्या इमारतीत ती पहिल्या मजल्यावर राहते आणि मी दुसऱ्यावर, बरोबर तिच्या डोक्यावर. तिचा मुलगा नितेश माझ्या गणिताच्या वर्गात होता, म्हणून ती मला अजून बाई म्हणते. मला निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण ते बाईपण काही सुटत नाही. तिचे सासरे गिरणीत होते. गिरणी बंद पडली, गाववाले कुणी नाहूरला, कुणी बोरिवलीला असे पांगले, आणि कोण कुणाचा कोण हे फक्त प्रेमाच्या लक्षात राहिलं. त्यातूनच हा उद्योग सुरू झाला. वीस वर्षांत दोनशेच्या वर लग्नं जमवली तिने. त्यातली पाच मोडली. जमलेल्यांची नावं ती विसरते, पण ती पाच तिला तोंडपाठ आहेत.

तिचा एक नियम आहे: पहिल्या भेटीत चहा, दुसऱ्या भेटीत खरं. म्हणजे पहिल्यांदा मुलगा-मुलगी नुसती भेटतात, बोलतात. एकमेकांना आवडली तर दुसऱ्या भेटीत प्रेमा स्वतः जाते आणि जे काय असेल ते दोन्ही घरांसमोर सांगते. कुणाचं आधीचं लग्न, कुणाच्या डोक्यावरचं कर्ज, कुणाचं दुखणं. तिचं म्हणणं असं की माणूस आधी दिसला पाहिजे, मग त्याचं दुखणं. मला हे नेहमीच पटत आलं आहे, आणि मला सहसा काही पटत नाही.

आता तिची चूक सांगते. आपण सगळे फोनमध्ये नावं कशी लिहितो? ‘गॅसवाला नवीन’, ‘चंदू प्लंबर उशिरा येतो’. प्रेमाने हीच रीत धंद्यात आणली. वहीत लिहिलं तर वही कुणीही उघडतं, फोन मात्र आपल्याच हातात असतो, असा तिचा हिशेब. त्यामुळे तिच्या फोनात अख्ख्या समाजाची कुंडली होती. ‘चेतना मुलुंड डबल मंगळ’, ‘ओजस पगार खोटा’, आणि ‘गंधाली नाहूर फिट्स’.

गंधाली एकोणतीस वर्षांची. अंधेरीला एका कंपनीत आहे. बँकांच्या संगणकांत चोर कुठून शिरू शकेल ते आधी शोधून काढायचं, हे तिचं काम. शाळेत असताना तिला फिट्स यायच्या. शेवटची आली त्याला तेरा वर्षं झाली, औषधंही कधीच बंद झाली. तिच्या आईने हे प्रेमाच्या कानात सांगितलं होतं. श्रावणात बोरिवलीच्या मिहिरशी तिची पहिली भेट झाली. दोघांचं छान जमलं. दुसऱ्या भेटीचं ठरवायला गंधालीने मिहिरच्या आईला फोन केला, आणि त्या बाईंच्या स्क्रीनवर नाव झळकलं: गंधाली नाहूर फिट्स.

हे झालं कसं, ते मलाही समजून घ्यावं लागलं. अनोळखी नंबर कुणाचा आहे ते सांगणारं एक ॲप प्रेमाने कधीतरी घेतलं होतं, कर्ज विकणाऱ्यांचे फोन टाळायला. असलं ॲप आपल्या फोनातली सगळी नावं उचलून नेतं आणि ते ॲप घेतलेल्या सगळ्यांना तीच दाखवतं. मिहिरच्या आईकडेही ते होतं. गंधालीचा नंबर नवा होता. तो फारसा कुणाकडे नव्हताच, म्हणून प्रेमाने लिहिलेलं नावच सगळीकडे चिकटलं. मिहिरच्या घरून पत्रिका जुळत नसल्याचा निरोप आला. गंधाली हुशार, तिने स्वतःचाच नंबर त्या ॲपात टाकून बघितला.

तिच्या आईचा फोन आला तेव्हा प्रेमा माझ्याकडे बसली होती. फोन ठेवल्यावर तिने सगळं मला सांगितलं. मग म्हणाली, नाहूरला जायचंय, बाई, तुम्ही चला. वाटेत मिठाईच्या दुकानासमोर तिची पावलं सवयीने थांबली आणि पुढे गेली. आज हातात काही नेऊ नये एवढं तिला कळत होतं.

दार गंधालीनेच उघडलं. प्रेमा उंबऱ्यातच म्हणाली, “चुकला माझा. ह्या सगळा बंद करतंय मी.” एरवी ती मुंबईचं मराठी बोलते, पण मनातून हलली की मालवणीवर येते.

गंधाली रडली नाही, ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. ती म्हणाली, “काकू, मला लपवायचं नव्हतंच. पण ते माणसाच्या तोंडून जायला हवं होतं ना. आणि तुम्ही बंद करून माझं काय होणार? बाकीच्या मुली अजून त्या फोनात आहेत. द्या इकडे.”

मग तास-दीड तास आम्ही तिघी जमिनीवर बसलो. गंधालीने ते ॲप काढलं, त्यांच्याकडे गेलेली नावं पुसायचा अर्ज पाठवला. सगळं पुसलं जाईल याची खात्री देता येत नाही, हेही सांगितलं. मग एकेक नाव उघडायचं, प्रेमाने खाली मान घालून वाचायचं, आणि पुढचं सगळं खोडून नुसतं नाव ठेवायचं. ‘ओजस पगार खोटा’ला मात्र गंधालीलाही हसू आलं. निघताना ती म्हणाली, हा फोन जुना झाला आहे, याला आता कंपनीकडून सुरक्षेच्या दुरुस्त्या येत नाहीत, नवी भोकं बुजत नाहीत. बायोडेटा, पत्रिका, डॉक्टरांचे कागद हे सगळं ठेवायचं तर दुसरा फोन बघा.

आणि इथून प्रेमाची खरी पंचाईत सुरू झाली. कारण नितेश फोनच बनवतो. म्हणजे बेल्जियममधल्या एका लहान कंपनीत तो कामाला आहे. त्यांचा फोन चार स्क्रू काढले की उघडतो, बॅटरी घरी बदलता येते, आठ वर्षं सुटे भाग मिळतात, खाणीतल्या मजुरांना रास्त मजुरी दिलेली असते. तिकडच्या लोकांना वाटू लागलं आहे की सगळ्या किल्ल्या अमेरिकेच्या हातात कशाला, आपलं आपण बनवावं, आपलं आपण वापरावं. माझे वडील जन्मभर खादी नेसले, त्यामुळे मला ही भाषा ओळखीची वाटली. गोऱ्यांच्या देशातली स्वदेशी मात्र पहिल्यांदाच ऐकली. पण कंपनीचं काही बरं चाललेलं नव्हतं. यंदा दोनदा माणसं कमी केली होती. एकेक गिऱ्हाईक मोलाचं आहे, असं तो आईला सांगायचा. गणपतीला येताना तो तिच्यासाठी तोच फोन घेऊन आला. रंगही तिच्या आवडीचा, आमसुली.

गंधालीने सुचवलेला फोन वेगळा होता. यंत्र अमेरिकेतल्या बड्या कंपनीचं, आणि त्यावर फोन चालवणारी मूळची प्रणाली पुसून दुसरीच घालायची. ती आपल्याला विचारल्याशिवाय कुठल्याही ॲपला नावं, फोटो, ठावठिकाणा देत नाही, आणि दुरुस्त्या लगेच येतात. गंमत बघा, बड्यांच्या नजरेतून सुटायचं तर बड्यांचंच यंत्र घ्यायचं. प्रेमाला मी माझ्या परीने समजावलं: एक घर आपल्या माणसाने मनापासून बांधलंय, पण कडी जरा सैल आहे, दुसऱ्याचा मालक खडूस आहे, पण कुलूप पक्कं आहे. ती म्हणाली, बाई, कळतंय मला, पण पोराच्या पोटावर पाय कसा देऊ? चार दिवस तो आमसुली फोन गणपतीसमोर पेटीतच पडून होता. नितेश रोज विचारायचा, चालू केलास का? आणि ती रोज मोदकांचं निमित्त सांगायची.

पाचव्या दिवशी गंधाली दर्शनाला आली. प्रेमानेच बोलावलं होतं. आरती झाली, प्रसाद झाला. प्रेमाने ती पेटी उचलून नितेशच्या पुढ्यात ठेवली. मी समोरच बसले होते.

“नितेश, या फोनात मी लोकांच्या मुली ठेवू? खरं सांग. ही दुसरी भेट आहे असं समज.”

नितेश हसायला गेला, पण त्याला हसता आलं नाही. गंधालीची हकीकत त्याला ठाऊक होती आणि ती समोर बसली होती. आपल्या फोनची बाजू मांडायला त्याच्याकडे पुष्कळ होतं आणि त्यातलं काही खोटंही नव्हतं. त्याने पेटी बाजूला सारली.

“अजून नको, आई,” तो म्हणाला. “आमच्या दुरुस्त्या उशिरा येतात. कधी महिना, कधी दोन. तुझ्या कामाला ती सांगते तोच घे.”

दहावीला तो गणितात अठ्ठ्याण्णव मिळवून आला होता, तेव्हाही मला त्याचा एवढा अभिमान वाटला नव्हता. प्रेमाच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तिने ते पुसलंही नाही. गंधालीने पर्समधून कागद काढला आणि त्याला विचारलं, नक्की कुठे अडतं? मग दोघं तासभर बोलत बसली. तुमच्या मनात जे आलं ते माझ्याही आलं होतं. पण नितेशचं तिकडे एका मुलीशी ठरलं आहे, आणि ते आपण ठरवलेलं नाही याचं प्रेमाला अजून वाईट वाटतं.

तो कागद नितेश बेल्जियमला घेऊन गेला. हाताखालची माणसं कमी असताना दुरुस्त्या वेळेवर कशा काढायच्या, यावर गंधालीने दोन पानं लिहिली होती. परवा त्याचा फोन आला होता. आता तीन आठवड्यांत येतात, म्हणाला. अजून लांब आहे, पण दोन महिन्यांवरून तीन आठवडे म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला नको. आमसुली फोन प्रेमाने परत दिला नाही. भाजीवाल्याचे पैसे, बहिणीचे फोन, भजनं, सगळं ती त्यावरच करते, कारण पैशांची काही ॲप गंधालीने घ्यायला लावलेल्या कडेकोट फोनवर चालतच नाहीत. बॅटरी काढून दाखवल्याशिवाय कुणा पाहुण्याला ती सोडत नाही. दुसरा फोन कपाटात असतो. त्यात नुसती नावं आहेत. नावापुढचं आता ती डोक्यात ठेवते, आणि डोकं तिचं शाबूत आहे.

मार्गशीर्षात एका रविवारी गंधाली खाली प्रेमाकडे आली होती. मीही होते. तिने आधी कपाटातला फोन मागितला, स्वतःचं नाव शोधलं. ‘गंधाली’ एवढंच होतं. मग तिने नोंदणीचा नवा फॉर्म मागितला. प्रेमा बघतच राहिली. तिला वाटलं होतं, ही पोरगी पुन्हा या वाटेला येणार नाही.

गंधालीने फॉर्म भरला. आरोग्याच्या रकान्यापाशी थांबली, तो कोराच ठेवला आणि कागद प्रेमाकडे दिला.

“तुमचा नियम चांगला आहे, काकू. पण दुसऱ्या भेटीत खरं मी सांगणार.”

“मग मी काय करू गो?” प्रेमाने विचारलं.

“तुम्ही चहा करा.”