तिसरं मत यंत्राचं

चार जणांनी मिळून एखादी वस्तू घ्यायची ठरवली, की वस्तू यायला वर्ष लागतं आणि तोवर किस्से मात्र पोतंभर जमतात. आमच्या जीपीएसचं तसंच झालं. यंत्र कधीचंच बंद पडलं, कुठल्या तरी खोक्यात असेल. किस्से अजून चालू आहेत. आणि प्रत्येक जण सांगताना स्वतःची बाजू जरा वाढवून सांगतो. म्हणून म्हटलं, एकदा मीच सगळे सांगून टाकतो. म्हणजे फार तर माझी बाजू वाढेल, एवढंच!

सायकलला बोचकी बांधून दोन-तीन दिवस भटकायचं, याला आता बाइकपॅकिंग म्हणतात म्हणे. नव्वदच्या दशकात आम्ही सुरुवात केली तेव्हा नाशिकमध्ये त्याला एकच शब्द होता: रिकामटेकडेपणा. आम्ही चौघं होतो. मी दिलीप, सातपूरला एका कारखान्यात ड्राफ्ट्समन. नाना पगार, मूळचा सटाण्याकडचा, पंचवटीत बॅटऱ्यांचं दुकान. चिडला की अहिराणीवर यायचा. वंदनाताई, विम्याच्या ऑफिसात नोकरी. बोलायची कमी, पण बोलली की विषय संपायचा. आणि गांगुर्डे सर, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले. ते आमचे वाटाडे.

सरांचा एक नियम होता. फाटा आला की थांबायचं आणि तीन माणसांना विचारायचं. दोघं सांगतील तो रस्ता खरा. "एकाला विचारलं तर ती त्याची समजूत असते. तिघांना विचारलं की तो भूगोल होतो!" असं सर म्हणायचे. आम्ही हसायचो, पण फाट्यावर थांबायचोच.

*

एकदा विंचूरहून सायखेड्याकडे निघालो होतो. मधे एक फाटा लागला. पहिल्या माणसाने सांगितलं सरळ जा, दुसऱ्याने सांगितलं वळा. बरोबरी झाली! आता तिसरा माणूस हवा. कांद्याचा सीझन, अख्खं गाव मार्केटला गेलेलं. रस्त्यावर चिटपाखरू नाही.

सर शांतपणे बाभळीखाली बसले. नाना म्हणाला, "सर, नाणं उडवू ना." सर म्हणाले, "नाण्याला इथला रस्ता माहीत आहे का?"

ऊन चढत गेलं. डब्यातल्या दशम्या संपल्या. शेवटी लांबून एक टेम्पो आला. आम्ही चौघं रस्त्यात उभं राहून हात हलवायला लागलो. टेम्पोवाला थांबला, काच खाली केली आणि म्हणाला, "बरं झालं भेटले भाऊ. सायखेड्याला कोणता रस्ता जातो?"

*

आता यंत्र घ्यायचं कसं ठरलं ते. सुरगाण्याच्या बाजूला गेलो होतो. पाऊस, धुकं, आणि फाट्यावर सरांना तीन माणसं मिळाली, पण तिघं एकाच घरची. तिघांचं मत एकच! त्या रस्त्याने खूप लांब गेल्यावर एक चहाची टपरी लागली. पाटी वाचायला गेलो तर गुजराती.

नाना ओरडला, "हाई काय शे? आपण राज्य बदललं!"

सर कपात फुंकर घालत म्हणाले, "चहा चांगला आहे."

परतीच्या चढावर वंदनाताई म्हणाली, "आता जीपीएस घेऊ या." विषय संपला. मी आणि नाना एकदम खूश. सर मात्र काही बोलले नाहीत. आणि सर बोलले नाहीत म्हणजे काही तरी होतं.

ते काय होतं ते मला त्याच चढावर कळलं. सरांचा गुडघा तोवर दुखायला लागला होता. आमच्यात सगळ्यात सावकाश तेच चालवायचे. पण वाट त्यांना ठाऊक, म्हणून ते पुढे. आणि ते पुढे, म्हणून आम्ही तिघं त्यांच्या वेगाने. एकदा वाट यंत्राला ठाऊक झाली की पुढे यंत्रवाला जाणार. मग सर मागे पडणार, आम्ही टेकडीवर त्यांची वाट बघणार, आणि मग एका रविवारी सरांचा फोन येणार की आज जरा बरं नाही, तुम्ही जाऊन या. हे सगळं मला दिसलं आणि फार वाईट वाटलं. पण ते मोठ्याने कोण बोलणार?

*

दोन हजार सालानंतरचे दिवस. हातात मावणारे जीपीएस मिळायला लागले होते, पण नाशिकच्या दुकानात नव्हते. म्हणून आम्ही उसने तीन जमवले. एक वंदनाताईच्या दिराने अमेरिकेहून आणलेला, रंगीत पडद्याचा. दुसरा माझ्या ओळखीच्या सर्व्हेवाल्याचा. त्याचा अँटेना केवढा तरी. तिसरा मुंबईच्या एका दुकानदाराने ट्रायलला दिलेला, छोटा, पिवळा, काळ्या-पांढऱ्या पडद्याचा. त्याची अट होती: आवडला नाही तर परत करा, पण जसाच्या तसा.

पांडवलेण्याच्या पायथ्याशी ट्रायल. अमेरिकेच्या यंत्रात नकाशे भरलेले होते, पण अमेरिकेचे. तिथली गल्लीबोळं सगळी तपशीलवार, आणि नाशिक म्हणजे पांढऱ्या कागदावर एक टिंब. नाना भडकला. "एवढं मोठं नाशिक, आणि टिंब? सिंहस्थ भरतो इथे!" सर्व्हेवाल्याचं यंत्र हातात घेऊन तो म्हणाला, "हे सायकलला बांधायचं की सायकल ह्याला?"

नानाची परीक्षा एकच: सेल किती खातो. रंगीत पडदा दुपारपर्यंतच टिकायचा. "हा तर जावई आहे," नाना म्हणाला, "दिसायला छान, खायला भारी!"

मग तिन्ही यंत्रं एका दगडावर शेजारी शेजारी ठेवली. तिन्हींनी आपली जागा सांगितली. तिन्ही वेगळ्या! एकाच्या मते आम्ही रस्त्याच्या पलीकडे उभे होतो. त्या दिवशी पहिल्यांदा सर हसले. "म्हणजे यंत्रं असली तरी तिघांनाच विचारावं लागतं," ते म्हणाले. "तिन्ही घ्या!"

मग त्यांनी पिवळं यंत्र उचललं, हात लांब करून डोळ्यांपासून दूर धरलं, मग जवळ आणलं, मग पुन्हा दूर. "छान आहे," म्हणाले आणि खाली ठेवलं. चष्मा ते सायकलवर कधीच लावत नसत. पडला तर काय, म्हणून.

*

निवड शेवटी कशी झाली, हे मी लोकांना सांगतो तेव्हा कुणाचा विश्वास बसत नाही.

ट्रायल संपवून आम्ही मिसळ खायला गेलो. टेबलावर तिन्ही यंत्रं आणि भांडण जोरात. मी म्हणत होतो रंगीत घेऊ, वंदनाताई म्हणत होती पिवळा, नाना दोघांना सेलचं गणित समजावत होता. समजावताना त्याने पिवळं यंत्र हातात घेतलं. बोटांना तेल. यंत्र सटकलं आणि थेट माझ्या मिसळीत. साधी मिसळ नाही, वर बोटभर तर्री!

 वंदनाताईने चमच्याने यंत्र बाहेर काढलं, नळाखाली धुतलं, रुमालाने पुसलं. पडदा चालू. पांडवलेणी अजून दाखवत होतं.

"वॉटरप्रूफ आहे," मी म्हणालो.

"पाणी कुठलं? तर्रीप्रूफ आहे!" नाना म्हणाला. "झाली टेस्ट. हाच घ्यायचा."

खरं कारण वेगळंच होतं. घरी नेऊन साबणाने धुतलं, उन्हात ठेवलं, उदबत्तीचा धूरसुद्धा दिला. वास जाईना. दुकानदाराला जसंच्या तसं परत देणार कसं? म्हणून आमची निवड झाली. पुढची कितीतरी वर्षं घाटात यंत्र तापलं की भूक लागायची.

*

मग सरांनी एक काम अंगावर घेतलं. त्यांच्याकडे जुने सरकारी नकाशे होते. त्यावरून आमची सगळी ठिकाणं, चहा, पंक्चरवाले, विहिरी, यांचे अक्षांश-रेखांश मोजून काढायचे आणि ते आकडे मी यंत्रात भरायचे. सर रात्रंदिवस त्यातच. मला बरं वाटलं. म्हटलं, सर रुळले.

पहिल्याच रविवारी 'चहा, विंचूर' असं ठिकाण धरून निघालो. नाना यंत्र हातात घेऊन पुढे, सर सगळ्यात मागे. यंत्र म्हणालं, पोचलात. बघतो तर द्राक्षाची बाग! मधोमध आम्ही चौघं सायकली धरून उभे. बागवाला धावत आला.

"चहा कुठंय?" नानाने यंत्र दाखवत विचारलं.

"इथं चहा नाय मिळायचा," तो म्हणाला. "औषध मारलंय आत्ताच. पिता?"

चूक नंतर सापडली. जुन्या नकाशाची पृथ्वी मोजायची पद्धत वेगळी, यंत्राची वेगळी. एक सेटिंग बदललं की जुळतं. ते आम्ही बदललं नव्हतं, म्हणून आमची सगळी ठिकाणं दोन शेतं सरकून बसली होती. म्हणजे सरांचं मोजणं अगदी बरोबर होतं. पण त्या दिवशी परतताना सर इतके मागे राहिले की आम्हाला दोनदा थांबावं लागलं. पोचल्यावर ते म्हणाले, "तुम्ही कशाला थांबता? आता यंत्र आहे ना." हे ते हसत म्हणाले.

*

त्यानंतर पंधरवड्याने वंदनाताईने यंत्र हँडलला बसवायचा क्लॅम्प आणला. नानाची गिअरची नवी सायकल सगळ्यात भारी, तेव्हा यंत्र तिथेच लागणार हे नानाने मनात ठरवूनच टाकलं होतं. त्याने घंटीसुद्धा काढून जागा केली होती!

क्लॅम्प नानाच्या हँडलवर लावला. गोल फिरला. माझ्या हँडलवर लावला. तोही फिरला. सरांच्या जुन्या काळ्या सायकलीच्या हँडलला, हात दुखू नयेत म्हणून, कापडी पट्टी गुंडाळून जाड केलेली होती. तिथे क्लॅम्प गच्च बसला.

"सरांच्याच सायकलला बसतो," वंदनाताई म्हणाली.

"हात्तिच्या!" नाना म्हणाला. "रबराचा एक तुकडा घातला की माझ्याही सायकलला बसेल. घरी जुन्या ट्यूबांचा ढीग..."

वंदनाताईने त्याच्याकडे पाहिलं. फक्त पाहिलं.

नाना थांबला. सरांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग डोकं खाजवत म्हणाला, "ढीग होता. काल सगळा भंगारात दिला." आणि खिशातून घंटी काढून परत आपल्या हँडलला लावायला लागला.

*

आता शेवटचा.

हरसूलहून पेठकडे निघालो होतो. सगळा चढ-उतार, भाताची खाचरं, मधे जंगल. यंत्र सरांच्या हँडलवर, सर पुढे, आम्ही त्यांच्या वेगाने मागे. कित्येक महिन्यांनी सर गुणगुणत होते. गुडघ्याचं नावसुद्धा काढलं नव्हतं.

वाटेत एका धबधब्यापाशी थांबलो. सर पाण्याच्या बाटल्या भरायला खाली उतरले. वंदनाताईला फोटो काढायचा होता आणि तिच्या कॅमेऱ्याचे सेल संपलेले. यंत्रातही तेच पेन्सिल सेल चालतात. तिने यंत्राचे दोन्ही सेल काढले, कॅमेऱ्यात घातले, फोटो काढला. तेवढ्यात सर वर आले, बाटल्या अडकवल्या आणि "चला, ऊन व्हायच्या आत" म्हणत निघालेसुद्धा! वंदनाताई "सर, एक मिनिट" म्हणेपर्यंत ते वळणापलीकडे. उतार होता.

आम्ही त्यांना गाठलं ते एकदम फाट्यावर. सर एक पाय टेकून उभे होते. डोक्यावर मोळी घेतलेल्या एका आजीला त्यांनी विचारून झालं होतं.

"डावीकडनं जा बाबा. खाली ओहोळ लागंल," आजी म्हणाली आणि गेली.

मोटारसायकलवरून एक जण आला. त्याला विचारलं. "पेठ ना? उजवीकडं घ्या. डावा रस्ता लय खराब हे," म्हणाला आणि तोही गेला.

बरोबरी. पुढे-मागे रस्ता मोकळा. तिसरं कुणी नाही.

"सर," वंदनाताई हळूच म्हणाली. कॅमेरा तिच्या गळ्यात लटकत होता. "सर, ते यंत्र..."

"हो, हो," सर म्हणाले. "तिसरं मत यंत्राचं."

ते हँडलवर वाकले. यंत्रावर हाताची सावली धरली. जरा दूर होऊन बघितलं, मग जवळ जाऊन. एक बटण दाबलं. थांबले. मान हलवली.  मी उभा होतो तिथून मला पडदा दिसत होता. कोरा.

सरांनी मान वर केली.

"यंत्र डावीकडे म्हणतंय," ते म्हणाले.

माझं तोंड उघडलं होतं. पण माझ्याआधी नानाने आपली घंटी दणकून वाजवली.

"मग वाट कसली बघता सर?" तो म्हणाला. "यंत्र म्हणतंय तर घ्या डावीकडे!"

सर पुढे निघाले, आणि आम्ही तिघं त्यांच्या मागे डावीकडे वळलो.