सईच्या पंगतीला हरीण

मिशिगनमधला पहिला हिवाळा, लांबलेलं ग्रीन कार्ड, मंदारच्या ऑफिसातली ले-ऑफची कुजबुज. ह्यातल्या कशानेही माझी झोप उडाली नव्हती. माझी झोप उडवली वाटीभर वरणभाताने. सई जेवत नव्हती.

आता काय झालं ते सांगते, पण हसायचं नाही. बरं, हसा. मंदार अजून हसतो, आणि त्याच्याशी तर मला संसार करायचाय.

तेव्हा आम्ही ट्रॉयला राहायचो. मंदार गाड्यांच्या कंपनीत सॉफ्टवेअर लिहायचा आणि मी डिपेंडंट व्हिसावर घरी. पुण्याहून मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. करून आलेली बाई! प्रयोगशाळा नाही, नोकरी नाही, गाडी चालवायची भीती. मग उरलं कोण? साडेतीन वर्षांची सई. माझं सगळं शिक्षण त्या एका जिवावर कोसळलं होतं.

संध्याकाळी सहाला आमची पंगत बसायची. एक घास चिऊचा, एक घास काऊचा. ते संपले की मामाचा, आत्याचा, पोस्टमनचा, पिवळ्या स्कूल बसचा. मग बसच्या चारी चाकांचा. तोंडाने माझं सतत चालू. "आ कर, मोठ्ठा आ! अगं गिळ ना! बघ, विमान आलं, विमान कुठे उतरणार?" विमान गालात उतरायचं आणि तिथेच मुक्काम करायचं. तासाभराने भात गार आणि मी गरम.

पुण्याला फोन केला की सासूबाई म्हणायच्या, "मंदार ताट इतकं चाटूनपुसून ठेवायचा हो, की भांडीवाली विचारायची, हे घासू का नुसतंच मांडून ठेवू?"

आणि प्रीस्कूलची टीचर? ती म्हणायची, "सई? शी इज अ ग्रेट ईटर!"

मी मनात म्हटलं, ह्या देशात सगळंच ग्रेट असतं. पोरीने कागदावर एक रेघ ओढली तरी ग्रेट. हिच्या सांगण्यावर काय जायचं?

आणि मग एका संध्याकाळी हरीण आलं.

आमच्या टाउनहाउसच्या मागे थोडं रान होतं. सई खुर्चीत, मी वाटी घेऊन समोर, चिऊ-काऊ चाललेलं. आणि पॅटिओच्या काचेपलीकडे, अगदी हात लांब केला तर लागेल असं, एक हरीण! मी वाटी टेबलावर ठेवली आणि कॅमेरा आणायला वर पळाले. कॅमेरा सापडला तर बॅटऱ्या संपलेल्या. ड्रॉवर उपसले, बॅगा उलट्या केल्या, शेवटी टीव्हीच्या रिमोटमधल्या काढल्या आणि धावत खाली आले.

हरीण गेलं होतं. पण वाटी रिकामी! चाटूनपुसून. भांडीवालीने विचारावं इतकी.

आता तुम्हीच सांगा, विज्ञान शिकलेल्या बाईने ह्यातून काय निष्कर्ष काढावा? हरीण आलं, पोर जेवली. सरळ आहे की नाही?

"मंदार, आपल्याला रोज सहा वाजता हरीण पाहिजे," मी जाहीर केलं.

"दुधाबरोबर सांगून ठेवू का?" तो लॅपटॉपमधून डोकं वर न काढता म्हणाला.

दुसऱ्या दिवशी हरीण आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. सईचे गाल पुन्हा भरलेले. माझी आई रोज पहिली पोळी गाईसाठी बाजूला काढायची, तसं मी तूप लावलेली पोळी बाहेर ठेवून बघितली. खारीने नेली. जाताना वळून असं बघितलं, जणू भाजी कुठाय.

मग कोणीतरी सांगितलं की हरणांना बोलवायचे खास फीडर मिळतात, हायवेजवळच्या मोठ्या दुकानात. शनिवारी मंदारने मला तिथे सोडलं आणि तो सईला घेऊन ग्रोसरीला गेला.

ते शिकारीच्या सामानाचं दुकान होतं. हे मला आत शिरल्यावरही कळलं नाही, तेवढं मात्र मला माफ करा. भिंतीवर हरणांची मुंडकी लावलेली होती. मला वाटलं, काय प्रेम आहे बघा लोकांचं!

काउंटरवर डेल नावाचा, दारात मावणार नाही एवढा माणूस होता. डोक्यावर झाडपाल्याच्या नक्षीची टोपी. मी म्हटलं, मला हरणांसाठी फीडर पाहिजे.

"शुअर, मॅम. सीझन आलाच आता," तो खूश होऊन म्हणाला. "तीन प्रकार आहेत."

पहिली होती उघडी, पायांवर उभी केलेली गव्हाण. मका ओता, हरीण येऊन खाईल. "पावसाने मका भिजला तर?" मी विचारलं. भिजणार, तो म्हणाला. माझ्यातली मायक्रोबायोलॉजी जागी झाली. भिजलेला मका म्हणजे बुरशी! परक्या देशात येऊन हरणाला जुलाब लावायचे? रद्द.

दुसरा होता एक पिंप, खाली नळ्या. हरीण खाईल तसतसा आतला मका आपोआप खाली येणार. "म्हणजे दिवसभर चालूच?" "दिवसरात्र, मॅम." मी मान हलवली. "दिवसभर चरत बसलं तर जेवणाच्या वेळी भूक कशी लागणार?" डेल माझ्याकडे बघत राहिला. हा विचार त्याने हरणांच्या बाबतीत कधी केला नसावा.

तिसरा प्रकार बघितला आणि माझा जीव भांड्यात पडला. वर डबा, खाली फिरणारी चकती आणि टायमर! ठरलेल्या वेळी चकती फिरणार, मका पसरणार. आवाजाची सवय झाली की हरणं घड्याळ लावल्यासारखी हजर होतात म्हणे. वेळच्या वेळी जेवण! सगळी बालसंगोपनाची पुस्तकं हेच तर सांगतात.

"हाच!" मी म्हटलं. "मला ते बरोब्बर सहाला, किचनच्या खिडकीसमोर हवंय. आणि दहा-पंधरा मिनिटं जागचं हलता कामा नये."

"किचनच्या खिडकीतून?" डेलच्या आवाजात आदर आला. "घरात बसूनच?"

"हो. मुलगी तिच्या खुर्चीत बसलेली असते ना."

"किती वर्षांची आहे?"

"साडेतीन."

"वॉव! स्टार्टिंग अर्ली!"

"कसलं अर्ली?" मी सुस्कारा सोडला. "माझी भाची दीड वर्षाची होती तेव्हा एकटी सगळं करायची. स्वतःच्या हातांनी. हिचं मात्र अजून मलाच करावं लागतं. अगदी कंटाळा आलाय हो मला."

डेलने शेजारच्या काउंटरवरच्या माणसाला हाक मारली. "हे बॉब, धिस लेडीज फॅमिली इज समथिंग एल्स!" मग माझ्याकडे वळून म्हणाला, "फ्रीझर पुरेसा मोठा आहे ना?"

"फ्रीझर? त्यात मटार आणि खोवलेला नारळ आहे."

"आणि मांस?"

"छे छे! आम्ही व्हेजिटेरियन."

डेलने टोपी काढली. डोकं खाजवलं. टोपी परत घातली.

"मॅम, मग हरणाचं तुम्ही करणार काय?"

"दाखवणार! मुलीला. घास भरवताना."

तेव्हा कुठे माझी नजर त्याच्या मागच्या बंदुकांवर गेली. मग भिंतीवरच्या मुंडक्यांवर. मग माझ्या स्वतःच्या बोलण्यावर. टायमरचं खोकं उचलून मी अशी बाहेर पडले की पार्किंगमध्ये चुकीच्याच गाडीचं दार ओढत बसले.

रविवारी मंदारने दुपारची झोप मोडून ते तीन पायांचं यंत्र पॅटिओच्या कडेला उभं केलं. घरापासून लांब ठेवा, असं खोक्यावर लिहिलेलं होतं. "अरे, लांब ठेवलं तर सईला दिसणार कसं?" मी म्हटलं. मंदारने यंत्र आणखी हातभर जवळ ओढलं. लग्नाला बरीच वर्षं झाली होती.

सहा वाजत आले. वाटी तयार, सई तयार. "आता बघ हं सोन्या, हरीणदादा येणार! आ कर..."

घर्रर्रर्र! आणि मका सुटला. अहो, सुटला म्हणजे काय, गारपीट! काचेवर तडतड, ग्रिलवर ताडताड. सई किंचाळत टेबलाखाली, वरणाची वाटी माझ्या मांडीवर, मंदार लॅपटॉप डोक्यावर धरून सोफ्यामागे. हरीण त्या वेळी जवळपास असलंच, तर ते थेट कॅनडाच्या हद्दीत जाऊन थांबलं असणार.

आठवडाभर हेच. यंत्र इमानदार, वेळेवर जेवायची शिस्त लागली, पण ती खारींना. सहाला पाच कमी असताना त्या रांग लावून बसायच्या. त्यांच्यामागे रानबदकं. सई आता टेबलाखालीच बसायला लागली आणि मी गुडघ्यांवर रांगत घास घेऊन तिच्या मागे. एक घास चिऊचा, आई गं, माझं डोकं!

यंत्र परत करायला गेले, तर डेलने लांबूनच विचारलं, "डिड शी गेट वन?"

"नाही," मी म्हटलं. "ती टेबलाखाली गेली."

गाडीत मी रडकुंडीला आले होते. मंदारने गाडी सिग्नलला थांबवली. मग म्हणाला, "त्या तीनपैकी सगळ्यात साधं कुठलं होतं?"

"उघडी गव्हाण. पण बुरशी..."

"मग रोज धुऊ की. आणि गव्हाण कशाला? परात नाहीये का घरात?"

होती ना! लग्नात मिळालेली, सुटकेसमध्ये तळाशी घालून आणलेली स्टीलची मोठी परात, दिवाळीच्या फराळालाच निघायची. ती झाडांच्या कडेला पालथ्या क्रेटवर ठेवली, मूठ-दोन मूठ मका घातला. रोज संध्याकाळी उरलेला मका काढायचा, परात घासायची, पुसायची, पुन्हा मका घालायचा. आत येऊन सईच्या वाटीतला उरलेला भात काढायचा, वाटी घासायची. आधी घरात एकच जण जेवत नव्हतं. आता दोघं, सई आणि हरीण.

आणि एका संध्याकाळी, मी अगदी आशा सोडलेली असताना, ते आलं. हरीण! बरोबर एक पिल्लू. दोघांनी गुपचूप परातीत तोंड घातलं आणि खायला लागली. ना घर्र, ना तडतड. आई इकडे बघतेय, पिल्लू आपलं आपण खातंय.

माझा आनंद काय वर्णावा! "सई! बघ बघ, हरीण आलं! पिल्लू कसं शहाण्यासारखं खातंय बघ! आता तू पण आ कर! मोठ्ठा आ! एक घास हरणाचा, एक घास पिल्लाचा, अगं कर ना लवकर, जाईल ना ते!"

सईने हरणाकडे बघितलं. मग पिल्लाकडे. मग बराच वेळ माझ्याकडे.

"आई, कॅमेरा आण."

"अगं, आणायचा कशाला? हा बघ गळ्यातच आहे! ह्या वेळी आईची सगळी तयारी आहे!"

सईने सुस्कारा सोडला. हुबेहूब माझा. मग माझ्या हातातली वाटी आणि चमचा काढून घेतला, आपल्यासमोर ठेवला आणि म्हणाली,

"मग बॅटरी शोधायला जा ना, त्या दिवशीसारखी. अँड टेक अ लाँग टाइम, ओके?"